कॅबिनेटच्या प्लास्टिकला टिकणारं क्रोम फिनिश कसं द्यावं?

मधला_टॉवर

मंडळी, एक जुनं मिड टॉवर कॅबिनेट हाती लागलं आहे. पत्रा ठणठणीत, पुढचं प्लास्टिक मात्र पिवळं पडलेलं. आत नवा मदरबोर्ड आणि ग्राफिक कार्ड बसवून ते हॉलमध्ये ठेवायचं ठरलंय, त्यामुळे घरून एकच अट आली आहे: "दिसायला बरं असलं पाहिजे." पत्र्याला काळं मॅट पावडर कोटिंग करून घेतोय. पुढच्या पॅनलवरच्या दोन उभ्या पट्ट्या, पंख्याभोवतीची कडी, पॉवर बटण आणि खालचे चार पाय क्रोम करायचे आहेत. क्रोम म्हणजे त्यात चेहरा दिसला पाहिजे, नुसता चंदेरी रंग नको.

बोहरी आळीतून 'क्रोम' लिहिलेला स्प्रे कॅन आणला आणि बंद पडलेल्या डीव्हीडी ड्राइव्हच्या तोंडावर मारून बघितला. सुकल्यावर लांबून छान दिसत होतं, पण हात लावला की बोट चंदेरी. वरून क्लिअर लॅकर मारला तेव्हा बोटाला लागायचं थांबलं आणि चमकही गेली. आता ते ॲल्युमिनियमच्या घासलेल्या पातेल्यासारखं दिसतंय.

पॅनलच्या आतल्या बाजूला एबीएस असं कोरलेलं आहे. पायांवर काहीच लिहिलेलं नाही. रोज हात लागेल, धूळ पुसली जाईल, तरी टिकेल असा काही मार्ग आहे का?

रंगारी_गल्ली

तुमच्या कॅनमध्ये खोट नाही, तो रंग तसाच वागतो. त्यात ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ चकत्या असतात आणि त्यांवर स्टिअरिक ॲसिडचं आवरण असतं. त्यामुळे रंग ओला असताना त्या वर तरंगून येतात आणि एकमेकींना चिकटून आडव्या निजतात. आरसा दिसतो तो या निजलेल्या थरामुळे. त्यांच्या डोक्यावर रेझिन जवळपास नसतंच, म्हणून बोटाला लागतं. क्लिअर मारला की त्यातलं सॉल्व्हंट चकत्यांना पुन्हा उचकटतं, त्या वेड्यावाकड्या होतात आणि प्रकाश सगळीकडे फेकायला लागतात. तुम्हाला दिसलं ते हेच.

स्केल मॉडेलवाले आल्क्लॅडसारखे रंग वापरतात. खाली चकचकीत काळा बेस, वर एअरब्रशने १२ ते १५ पीएसआय दाबावर धुक्यासारखे पातळ हात. चमक कॅनपेक्षा खूपच वरची येते. पण मॉडेल काचेच्या कपाटात राहतं, तुमचं बटण दिवसातून अनेकदा दाबलं जाणार.

तरी रंगाच्याच वाटेने जायचं असेल तर नव्वद टक्के काम खालच्या थराचं असतं. भांड्याच्या साबणाने धुवा, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. मोल्डिंगच्या वेळचं रिलीज एजंट जुन्या पार्टवरही कोपऱ्यांत राहिलेलं असतं. ४०० च्या पाण्याच्या पेपरने सुरुवात, मग प्रायमर सरफेसर, तो ८०० ने आणि पुढे १००० ने घासून सपाट. त्यावर टू-के पीयू (हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग) काळा ग्लॉस. काळ्यात ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) आलं तर २००० ने घासून पॉलिश करा, कारण क्रोम काहीच लपवत नाही, उलट दाखवतो. एनसी थिनर एबीएसवर सढळ हाताने वापरू नका, पृष्ठभाग मऊ पडतो. आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल बांधून किंवा कोविडमधला उरलेला कापडी मास्क लावून ते काम करू नये. ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि मोकळी हवा लागते.

पावसाळ्यात हे सुरू करू नका. दमट हवेत लॅकर पांढरट मारतो.

नेलपेंटवाली

बटणासाठी माझा सल्ला विचित्र वाटेल. नेल आर्टची मिरर पावडर मिळते. पूर्ण सुकलेल्या काळ्या ग्लॉसवर ती स्पंजने किंवा बोटाने घासायची. चकत्या दाबून बसवल्या जातात, त्यामुळे स्प्रेपेक्षा आरसा जास्त खोल दिसतो. माझ्या कीबोर्डची एस्केप की अशीच केली आहे. वरून आधी पाण्यातल्या क्लिअरचा अगदी पातळ हात, तो सुकल्यावरच टू-के. थेट टू-के मारलात तर रंगारीदादा म्हणतात तेच होणार. पाण्यातला क्लिअरही थोडी चमक खातो, पण थोडीच.

मोठ्या पट्टीवर मात्र नको. घासल्याचे ढग दिसतात.

मधला_टॉवर

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. बटणाला करून बघतो. म्हणजे खरं क्रोम हवं असेल तर प्लेटिंगशिवाय पर्याय नाही असं समजू का? प्लास्टिकवर वीज कशी चालते हेच मला कळत नाही.

भोसरीकर

प्लास्टिक प्लेटिंगच्या लाइनवर आयुष्य गेलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

बाथरूममधला एबीएसचा हेल्थ फॉसेट, गाडीचा लोगो, ग्रिलवरची चकचकीत पट्टी, हे सगळं प्लास्टिकवर खरं इलेक्ट्रोप्लेटिंग आहे. १९६० च्या दशकापासून ही पद्धत कारखान्यांत चालू आहे. त्यासाठी एबीएसच निवडलं जातं याला कारण आहे. एबीएसमधला 'बी' म्हणजे ब्युटाडाईन, म्हणजे रबर. क्रोमिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या गरम मिश्रणात पार्ट बुडवला की पृष्ठभागावरचे रबराचे बारीक कण खाल्ले जातात आणि तिथे सूक्ष्म खड्डे राहतात. धातू त्या खड्ड्यांत शिरून रुततो. पकड तिथून येते. मग पॅलेडियम आणि कथिलाचं ॲक्टिव्हेशन, मग वीज न लावता केवळ रासायनिक क्रियेने निकेलचा किंवा तांब्याचा पातळ थर. एवढं झालं की पार्ट वीज वाहायला लागतो आणि पुढचं काम धातूसारखंच: ॲसिड कॉपर, ब्राइट निकेल, शेवटी क्रोम.

सगळ्यांना वाटतं चकाकी क्रोमची. खरं म्हणजे सपाटपणा तांबं देतं, चकाकी निकेल देतं. वरचं क्रोम अर्ध्या मायक्रॉनच्याही आत असतं. त्याचं काम निळसर झाक देणं, ओरखडे सोसणं आणि निकेलला काळवंडू न देणं. खालचं तांबं मऊ आणि जाड ठेवतात, कारण तापमान वाढलं की एबीएस तांब्याच्या चार-पाच पट प्रसरण पावतं आणि क्रोम तर तांब्यापेक्षाही कमी. मधला मऊ थर ही ओढाताण सोसतो. स्वस्तातल्या फॉसेटवर काही महिन्यांत फोड येतात तिथे बहुतेक वेळा तांब्यात काटकसर असते, नाहीतर एचिंगमध्ये (ॲसिडने खड्डे पाडण्यात) घाई.

आता तुमच्या पार्टबद्दल. अडचणी इथून सुरू होतात.

एबीएस कोरलेलं आहे म्हणजे ते प्लेटिंग ग्रेड आहे असं नाही. प्लेटिंग ग्रेडमध्ये रबर सगळीकडे एकसारखं पसरलेलं असतं आणि मोल्डिंगही सावकाश केलेलं असतं, म्हणजे आत ताण राहत नाही. कॅबिनेटचा पॅनल ज्याने मोल्ड केला त्याच्या डोक्यात प्लेटिंग कधीच नव्हतं. जिथून प्लास्टिक साच्यात शिरतं त्या गेटजवळ ताण जास्त असतो आणि थर पहिल्यांदा तिथेच सुटतो. पायांवर काही लिहिलेलं नाही म्हणता, ते हिप्स (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन) असू शकतं. त्यावर ही लाइन चालत नाही.

दुसरं, पार्टवर रंग, प्रायमर, पुट्टी काहीही नको. पुट्टीवर प्लेटिंग बसत नाही. पॅनलला चीर असेल आणि ती भरली असेल तर तेवढा भाग उघडा पडेल.

तिसरं, खटके. पॅनल पत्र्यात अडकतो ते प्लास्टिकचे लॉक. त्यांच्यावर धातू चढला की ते वाकायचं विसरतात आणि पहिल्याच दाबाला मोडतात. शिवाय एकूण थर तीस-चाळीस मायक्रॉनपर्यंत जातो, घट्ट बसणाऱ्या जागी तेवढाही नडतो. जॉब देतानाच सांगा की खटक्यांना आणि स्क्रूच्या बॉसना (स्क्रू बसायच्या नळ्यांना) स्टॉप-ऑफ, म्हणजे प्लेटिंग चढू न देणारा लेप लावा.

चौथं, जाळी. क्रोमला आतल्या कोपऱ्यांत शिरायचा कंटाळा आहे. षटकोनी जाळीच्या भोकांत आत निकेलच उघडं राहतं आणि ते जरा पिवळट दिसतं. सपाट पट्टी, कडी, बटण यांना हरकत नाही.

आणि एकच नग घेऊन आलात तर कोणीही लाइन तुमच्यासाठी चालवणार नाही. दुसऱ्याच्या लॉटबरोबर एखाद्या जिगवर (पार्ट अडकवायच्या चौकटीवर) टांगतील, गॅरंटी देणार नाहीत. जिगचा काटा टेकतो तिथे डाग राहतो, तो मागच्या बाजूला येईल असं बघा.

मधला_टॉवर

काका, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. पंख्याभोवतीच्या कडीला चार खटके आहेत, पट्ट्या मागून स्क्रूने लागतात. म्हणजे पट्ट्या जास्त सोप्या.

भोसरीकर

बरोबर. पट्ट्या द्यायच्या असतील तर जुना रंग काढून, न घासता द्या. खोल ओरखडा असेल तर मात्र घासावाच लागेल, तांबं बारीक रेघच भरतं.

कुलंगीविरंगी

घरीच केलं तर? ग्राफाइटचा किंवा तांब्याचा कंडक्टिव्ह रंग लावून मोरचूद आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या बाथमध्ये बॅटरी चार्जरने तांबं चढवतात. थ्री-डी प्रिंटवाले सर्रास करतात.

भोसरीकर

तांब्यापर्यंत होतं, आणि शोभेच्या मूर्तीला छानही होतं. पण तिथे धातू प्लास्टिकला धरत नाही, रंगाला धरतो. रंग सुटला की तांब्याचा अख्खा पापुद्रा उचलून येतो. पुढे निकेलचे क्षार त्वचेला वाईट आणि फुप्फुसाला त्याहून वाईट. क्रोमच्या बाथचं तर नावही घरात काढू नका. सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सर करतं. वापरलेलं पाणी मोरीत सोडणं हा गुन्हा आहे. आम्हालाही त्यासाठी प्रक्रिया संयंत्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

श्टुटगार्टचा_पाहुणा

काकांशी सहमत. इथे युरोपात क्रोमियम ट्रायऑक्साइड (क्रोमच्या बाथमधलं सहा संयुजेचं क्रोमियम) रीच या रसायनांच्या कायद्याच्या परवानगीच्या यादीत आहे. २१ सप्टेंबर २०१७ नंतर खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्यामुळे गाड्यांच्या पार्टवर तीन संयुजेचं क्रोम बरंच आलंय. त्याची झाक किंचित वेगळी, थोडी गडद वाटते. जुन्या पार्टशेजारी नवा ठेवला की माझ्यासारख्या हौशी माणसालाही कळतो. तेव्हा मधला_टॉवर, दोन्ही पट्ट्या एकाच लॉटमध्ये करून घ्या, एक आज आणि एक दिवाळीनंतर असं नको.

वसईचा_वारा

एवढी चर्चा झाली आणि व्हॅक्यूम मेटलायझिंग कोणीच काढलं नाही? ट्रॉफ्या, अत्तराच्या बाटल्यांची झाकणं, खेळण्यातल्या गाड्यांच्या चकचकीत रिम सगळं यातच होतं. हेडलाइटमधला रिफ्लेक्टरही.

पार्टवर बेस कोट मारून भाजतात किंवा यूव्हीखाली सुकवतात. मग बंद पिंपात टांगून हवा काढायची, टंगस्टनच्या फिलामेंटवर ॲल्युमिनियमची तार वितळवून तिची वाफ करायची. ती वाफ सगळीकडे जाऊन बसते. थर एक दशांश मायक्रॉनच्या आसपास, पण डोळ्यांना पूर्ण आरसा. त्यावर टॉप कोट. ॲसिडचा संबंध नाही, त्यामुळे हिप्स, एबीएस, योग्य प्रायमर असेल तर पॉलिप्रॉपिलीनसुद्धा चालतं. खाली बेस कोट असल्यामुळे घासलेला, पुट्टी भरलेला पार्टही चालतो. तुमचे बेनाव पाय यातच बसतील.

खटके मास्किंग टेपने झाकून द्या. आणि टॉप कोट कोणता मारतात ते आधी विचारा. ट्रॉफीचा टॉप कोट नखाने निघतो, कारण ट्रॉफी शोकेसमध्ये जाते. यूव्ही टॉप कोट मागा. वसई पूर्वेला, भिवंडीकडे असे गाळे आहेत, तुमच्याकडे चाकणला गाड्यांचे पार्ट करणारे असतील.

भोसरीकर

वारेबुवा, चकाकी मान्य. पण कडेला टॉप कोट फुटला की आत शिरलेला ओलावा ॲल्युमिनियमला खातो आणि काठ पारदर्शक होत जातो. मुंबईच्या हवेत तर लवकरच.

वसईचा_वारा

काका, कॅबिनेट गच्चीवर ठेवणार आहेत का? हॉलमध्ये आहे. आणि तुमच्या प्लेटिंगला नॉन-प्लेटिंग ग्रेडवर फोड आला तर तो कुठलीच हवा न लागता येतो.

भोसरीकर

हा मुद्दा मात्र खरा.

हुपरीकर

आमच्या गावचा धंदा चांदीचा, म्हणून स्प्रे क्रोमबद्दल दोन शब्द. बाइकच्या टाक्या आणि रिम करणारे ज्याला हायड्रो क्रोम म्हणतात ते क्रोम नसतंच, ती चांदी असते. आरसे करायची जुनीच रीत. जर्मनीच्या लीबिगने १८३५ मध्ये दाखवलेल्या क्रियेवर उभी आहे: अमोनियातलं सिल्व्हर नायट्रेट आणि सोबत ग्लुकोजसारखा रिड्यूसर. आधी टू-के बेस, त्यावर स्टॅनस क्लोराइडचं पाणी, डीएम वॉटरने (क्षार काढलेल्या पाण्याने) धुणं, मग दोन तोंडांच्या गनने दोन्ही द्रावणं एकदम. डोळ्यांदेखत आरसा तयार होतो, बघायला मजा येते. नंतर पुन्हा धुऊन, वाळवून टू-के क्लिअर.

चांदीची एक खोड आहे, गंधक दिसलं की ती काळी पडते. क्लिअरमध्ये टाचणीएवढं भोक राहिलं तर तिथून डाग पसरतो. शिवाय क्लिअरखाली चांदी जरा पिवळसर दिसते, म्हणून कारागीर क्लिअरमध्ये निळ्या-जांभळ्या टिंटचे थेंब घालतात. जास्त पडले तर निळं दिसतं.

हे किट ऑनलाइन मिळतं म्हणून सांगतो: अमोनिया घातलेलं चांदीचं द्रावण उरलं तर बाटलीत भरून उद्यासाठी ठेवायचं नाही. ठेवल्यावर त्यात स्फोटक संयुग तयार होतं, वाळलेला कणही धक्क्याने उडतो. लागेल तेवढंच करा, उरलेलं त्याच दिवशी आम्ल घालून निकामी करा. हे जमणार नसेल तर बाहेरून करून घ्या.

कुलंगीविरंगी

क्रोम व्हिनाइल रॅप?

रंगारी_गल्ली

सपाट आणि एकाच दिशेने वाकलेल्या भागावर चालतो. दोन्ही दिशांनी गोल असेल तर ताणावा लागतो, ताणला की क्रोम पांढरा पडतो. हीट गन जरा जास्त झाली तरी तेच. कडीला अजिबात नको. हळद-तेलाचा हात लागला तरी पुसता येतो आणि कंटाळा आला की काढता येतो, एवढं त्याच्या बाजूने.

अण्णा_फाउंड्रीवाले

मी सगळं वाचून एकच विचारतो, पट्ट्या प्लास्टिकच्याच कशाला हव्यात? लिफ्टच्या आत भिंतीला लावतात तो ३०४ स्टेनलेसचा मिरर पत्रा, आठ नंबर फिनिश, वर निळी-पांढरी फिल्म चिकटवलेली येते. १ मिमी जाडीचा घ्या, लेझरवाल्याकडून पट्ट्या कापून घ्या, जुन्या पट्टीवर फोम टेपने चिकटवा. उडायला त्यावर थरच नाही. ओरखडा आला तर बफ मारून घ्या.

बटणासाठी बाजारात स्टेनलेसचं १६ आणि १९ मिमीचं मोमेंटरी (दाबून धरलं तेवढाच वेळ जोडणारं) पुश बटण मिळतं, आत एलईडी रिंग असलेलं. पॅनलला तेवढं भोक पाडलं की झालं. लॅचिंग (एकदा दाबलं की चालूच राहणारं) चुकून घेऊ नका, पॉवर स्विचला मोमेंटरीच लागतं.

नेलपेंटवाली

अण्णा, माझ्या पावडरीचा धंदा बसवलात. 😄 पण पटलं. मग त्याच चालीवर सिल्व्हर मिरर ॲक्रिलिक का नको? नेमप्लेटवाले वापरतात ते, २ मिमीचं. त्यात मेटलायझिंग मागच्या बाजूला असतं, हात लागतो तो ॲक्रिलिकला. चमक निघायचा प्रश्नच नाही. कडीसुद्धा लेझरवर कापून मिळेल, सपाट असेल तर.

रंगारी_गल्ली

ताई, मुद्द्याला हात घातलात. आरसी कारवाले (रिमोटच्या गाड्यांचे हौशी) याच तत्त्वावर पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीला आतून क्रोम मारतात आणि त्यामागे काळा. चमकवणारा थर प्लास्टिकच्या मागे, वर क्लिअर मारायची वेळच येत नाही. स्प्रे कॅनचा सगळा दोष तिथे निघून जातो.

ॲक्रिलिक चिकटवताना क्लोरोफॉर्म किंवा आंबट वासाचं सिलिकॉन लावू नका, मागचा थर खराब होतो. दुतर्फा फोम टेप किंवा न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. आणि ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात, कोरड्या फडक्याने धूळ पुसायची नाही. स्पिरिट किंवा थिनर तर नाहीच, बारीक चिरा पडतात.

मधला_टॉवर

तीन गोष्टी ठरल्या. पट्ट्या अण्णांच्या स्टेनलेसच्या. लेझरवाल्याशी बोललो, फिल्म तशीच ठेवून कापून देतो म्हणाला. कडी समोरून सपाट नाही, गोलाई आहे, त्यामुळे ती आणि पाय एकत्र व्हॅक्यूम मेटलायझिंगला देतोय, यूव्ही टॉप कोट बोलून घेतलाय. बटण १९ मिमीचं मागवलंय.

भोसरीकर काका, प्लेटिंग नाही म्हणून रागावू नका. खटक्यांमुळे धीर झाला नाही. एक शेवटची शंका: कडी आणि पट्ट्या पुढच्या यूएसबी पोर्टच्या अगदी शेजारी येतात. शॉर्टचा धोका?

भोसरीकर

रागवायचं काय, मी असतो तर पट्ट्या स्टेनलेसच्याच केल्या असत्या.

पोर्टचं धातूचं कवच मुळात ग्राउंडला असतं, त्याला पट्टी टेकली तर काही होत नाही. बघायचं ते मागच्या बाजूला: पोर्टच्या छोट्या बोर्डाचे सोल्डर केलेले पाय स्टेनलेसच्या कडेला लागत नाहीत ना, आणि एलईडीच्या वायरींची चामडी लेझरच्या धारेवर घासत नाही ना. लेझरची कड ब्लेडसारखी असते. २४० च्या पेपरने मारून घ्या, वायरीवर हीट श्रिंक चढवा. मेटलायझिंगच्या कडीची काळजी नको, तिच्यावर टॉप कोट आहे.

वसईचा_वारा

आणि कडीबरोबर पंख्याची पातीही चकचकीत करायचा मोह होईल, तो आवरा. कोटिंगचं वजन पात्यांवर सारखं बसलं नाही की तोल जातो, पंखा घरघरतो आणि बेअरिंग लवकर जातं. पंख्याची चौकट करा हवी तर, पाती काढून.

अण्णा_फाउंड्रीवाले

पट्टीची फिल्म सगळी जोडणी होईपर्यंत काढू नका. स्क्रू ड्रायव्हर निसटतोच.